ऑफिसच्या मेलमधला स्पॅम कसा आवरायचा: शेअर्ड होस्टिंगवर मेल चालवणाऱ्या छोट्या व्यवसायांसाठी

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत पंपाची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉडी अशी कास्टिंग होतात. घरात कंप्युटरमधलं थोडंफार मला कळतं, म्हणून मेलची जबाबदारी माझ्याकडे आली. चौदा मेलबॉक्स, एका होस्टिंग कंपनीचा शेअर्ड सर्व्हर, आणि रोज सकाळी इनबॉक्स उघडला की दीड-दोनशे नको असलेले मेल. एक दिवस वैतागून मी स्पॅम फिल्टर एकदम कडक केला. इनबॉक्स लख्ख झाला, सगळे खूश झाले. तीन आठवड्यांनी कोइमतूरच्या एका पंपवाल्यांचा फोन आला. त्यांनी ड्रॉइंगसकट एन्क्वायरी पाठवली होती, आमचं उत्तर गेलं नाही, म्हणून त्यांनी काम दुसरीकडे दिलं. शोधल्यावर तो मेल आमच्याच सर्व्हरवर, स्पॅमच्या फोल्डरमध्ये सापडला.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून शिकलो. पाखडताना कोंड्याबरोबर दाणे जाऊ नयेत, एवढीच खरी काळजी आहे. नको असलेला मेल आत आला तर तो पुसायला दोन सेकंद लागतात, पण हवा असलेला मेल बाहेर राहिला तर ऑर्डर जाते. खालची प्रत्येक पायरी मी याच मापाने ठरवली आहे.

बहुतेक छोट्या कंपन्यांकडे सीपॅनेल (होस्टिंगच्या सेटिंग बदलायचं पान) असलेलं शेअर्ड होस्टिंग असतं, म्हणून मी तेच धरून लिहितोय. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी पुढे वेगळी पायरी आहे.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- डोमेन जिथून विकत घेतलं तिथलं लॉगिन. बऱ्याच ठिकाणी हे वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असतं. तसं असेल तर आधी ते स्वतःच्या नावावर करून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.
- डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदी, कुठे बदलतात याची खात्री. डोमेन एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे आणि डीएनएस तिसरीकडे, असं सर्रास असतं.
- होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचं लॉगिन.
- सगळ्या मेलबॉक्सची यादी: कोण वापरतं, कोणत्या मशीनवर आणि फोनवर, पॉपने की आयमॅपने (मेल सर्व्हरवरून वाचायच्या या दोन पद्धती).
- तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी: बिलिंग सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म, न्यूजलेटरची सेवा, स्कॅन करून थेट मेल करणारं झेरॉक्स मशीन.
- जीएसटी पोर्टल, बँक, इन्कम टॅक्स आणि पीएफला कोणता मेल दिलाय, त्याची नोंद.
- चाचणीसाठी एक साधं जीमेल खातं.

ही यादी करायला मला दोन दिवस लागले. पण पुढचे निम्मे घोळ त्या दोन दिवसांतच सापडले.

१. पहिल्यांदा पॉप की आयमॅप ते बघा

आमची एन्क्वायरी बुडाली ती नुसत्या फिल्टरमुळे नाही, पॉपमुळेही. सेल्सच्या मशीनवर आउटलुक पॉपने जोडलेलं होतं. पॉप फक्त इनबॉक्स उतरवून घेतो. सर्व्हरवरचं स्पॅम फोल्डर त्याला दिसतच नाही. म्हणजे फिल्टर आपलं काम करत होता, बाजूला काढलेले मेल नीट ठेवत होता, पण त्या फोल्डरकडे बघणारा माणूसच नव्हता.

आयमॅपमध्ये सर्व्हरवरची सगळी फोल्डर दिसतात, म्हणून सगळे मेलबॉक्स तिकडे न्या. जुना पॉपवाला डेटा एकाच मशीनवर असेल तर त्याचा बॅकअप आधी घ्या, मग नवीन खातं आयमॅपने जोडा, आणि जुनं लगेच काढू नका. सर्व्हरवर जागा कमी पडेल हीच मोठी अडचण असते. आम्ही दोन वर्षांपूर्वीचे मेल मशीनवरच्या अर्काइव्हमध्ये हलवले आणि कोटा थोडा वाढवून घेतला. ज्या मशीनवर पॉप ठेवावाच लागतो, त्या माणसाला वेबमेलचं पान बुकमार्क करून द्या आणि स्पॅम फोल्डर कुठे असतं ते शेजारी बसून दाखवा. व्हॉट्सॲपवर सूचना पाठवून हे होत नाही.

२. कॅच-ऑल बंद करा

सीपॅनेलमध्ये ‘डिफॉल्ट ॲड्रेस’ नावाचं पान आहे. तुमच्या डोमेनवर जो पत्ता अस्तित्वातच नाही, त्यावर आलेल्या मेलचं काय करायचं ते तिथे ठरतं. तो सगळा मेल एका खात्यात ओतायची सोय असते, तिलाच कॅच-ऑल म्हणतात. स्पॅम पाठवणारे अंदाजाने हजारो पत्ते बनवतात, आणि कॅच-ऑल चालू असेल तर ते सगळे तुमच्याकडे पोचतात.

तिथे ‘एरर देऊन नाकारा’ हा पर्याय निवडा. शेजारीच ‘गुपचूप टाकून द्या’ असाही पर्याय असतो, तो घेऊ नका. गिऱ्हाइकाने पत्त्यात एखादं अक्षर चुकवलं तर त्याला मेल परत गेला पाहिजे, नाहीतर तो उत्तराची वाट बघत बसेल. लोक ठरावीक स्पेलिंग नेहमी चुकवत असतील तर तेवढ्या पत्त्यांचे फॉरवर्डर बनवून ठेवा. आमच्याकडे ‘अकाउंट्स’ आणि ‘अकाउंट’ असे दोन्ही चालतात.

३. स्पॅमअसॅसिन चालू करा आणि आकडा समजून घ्या

शेअर्ड होस्टिंगवर बहुधा स्पॅमअसॅसिन हाच फिल्टर असतो. प्रत्येक मेलवर तो शेकडो नियम लावून बघतो. संशयास्पद गोष्टीला गुण वाढतात, चांगल्या गोष्टीला कमी होतात, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की मेलला स्पॅमचा शिक्का बसतो. हा आकडा मुळात ५ असतो.

इथे जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस फसतो, मीही फसलो. आकडा वाढवला की फिल्टर सैल होतो आणि कमी केला की कडक. मी ५ चा ३ केला होता. ३ गुण तर एखाद्या साध्या, घाईत लिहिलेल्या खऱ्या मेललाही मिळतात.

माझा सल्ला असा. पहिला महिना ५ वरच ठेवा. स्पॅम वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा पर्याय चालू करा. आपोआप डिलीट करायचा पर्याय मात्र बंद ठेवा. होस्टिंगवाले कधीकधी तो चालू करूनच देतात, त्यामुळे स्वतः जाऊन बघा. महिनाभर फोल्डर तपासल्यावर खूपच स्पॅम निसटतोय असं दिसलं तर ४.५ करून बघा. त्याखाली जायची गरज मला तरी पडलेली नाही. डिलीट वापरायचंच असेल तर १५ गुणांच्या पुढच्या मेलपुरतं, आणि तेही दोन महिने फोल्डर डोळ्यांखालून घातल्यावर.

४. एका मेलचं हेडर उघडून वाचा

फिल्टर काय विचार करतो हे कळायला हा एकच उपाय आहे. वेबमेलमध्ये किंवा आउटलुकमध्ये मेलचा ‘सोर्स’ किंवा ‘हेडर’ (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती) दाखवायची सोय असते. त्यात ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ अशी ओळ शोधा. तिथे मिळालेले गुण, मर्यादेचा आकडा आणि लागू झालेल्या नियमांची नावं असतात.

कोइमतूरच्या त्या मेलचं हेडर मी प्रिंट काढून ठेवलंय. मर्यादा ३, मिळालेले गुण ४.२. म्हणजे मी आकड्याला हात लावला नसता तर तो मेल इनबॉक्समध्येच आला असता. गुण कशाकशाचे होते? विषयाची ओळ सगळी कॅपिटल अक्षरांत, कारण माणसाला घाई होती. मजकूर फक्त एचटीएमएलमध्ये (वेबपानासारख्या सजवलेल्या रूपात), साध्या मजकुराची प्रत जोडलेली नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीला (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्याला) उलट नाव नाही, म्हणजे त्या आकड्यावरून सर्व्हरचं नाव सापडत नाही. खाली सहीच्या जागी कंपनीच्या लोगोचं भलंमोठं चित्र आणि वर दोनच ओळी. एकेक गोष्ट क्षुल्लक. आपल्याकडचे कितीतरी छोटे कारखानदार मेल असाच पाठवतात. सगळ्यांची बेरीज झाली आणि मेल गेला.

अशी दहा हेडर वाचा. पाच खऱ्या मेलची, पाच स्पॅमची. कोणता आकडा आपल्याला झेपेल हे त्यानंतर कोणाला विचारावं लागत नाही.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी एक गोष्ट खास तपासावी. स्पॅमअसॅसिनमध्ये मेलची भाषा ओळखून गुण वाढवायची एक जोडसोय आहे. कोणीतरी तिथे ‘फक्त इंग्रजी चालेल’ असं ठरवून ठेवलं असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र, साखर कारखान्याची मराठी एन्क्वायरी, सगळ्यावर फुकटचे गुण चढतात. मराठी मेल सारखे स्पॅममध्ये जात असतील तर होस्टिंगवाल्यांना नेमकं हेच विचारा.

५. व्हाइटलिस्ट जपून करा

ज्यांचे मेल कधीच अडकता कामा नयेत त्यांची यादी करायची सोय सीपॅनेलमध्ये असते. यादीत नाव असलं की स्पॅमअसॅसिन १०० गुण वजा करतो. म्हणजे त्या नावाने काहीही आलं तरी ते आत येणारच.

म्हणून स्वतःचं डोमेन व्हाइटलिस्टमध्ये कधीही टाकू नका. ‘आपल्याच ऑफिसचे मेल कशाला अडवायचे’ म्हणून लोक हे हमखास करतात. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिणं अगदी सोपं असतं, आणि मालकाच्या नावाने अकाउंट्सला आलेला खोटा मेल याच दारातून थेट आत येतो. जीमेलचं किंवा याहूचं अख्खं डोमेनही टाकू नका. मोठे नियमित गिऱ्हाईक, बँक, जीएसटी पोर्टल, ट्रान्सपोर्टवाला, सीए, एवढ्यांचे नेमके पत्ते पुरेत. पाठवणाऱ्याची ओळख तपासूनच सूट देणारी व्हाइटलिस्टही स्पॅमअसॅसिनमध्ये आहे. होस्टिंगवाले ती वापरू देत असतील तर तीच घ्या.

ब्लॅकलिस्ट करण्यात मात्र वेळ घालवू नका. स्पॅमवाले रोज नवा पत्ता वापरतात. आमच्या आधीच्या माणसाने नऊशे पत्ते हाताने टाकले होते, आणि त्यातला एकही परत आला नाही.

६. फिल्टरला शिकवा, आणि फोल्डर बघायला माणूस नेमा

स्पॅमअसॅसिनमध्ये बेझ पद्धतीचा एक भाग आहे. कोणते शब्द तुमच्या स्पॅममध्ये येतात आणि कोणते खऱ्या मेलमध्ये, हे तो शिकतो. पण किमान २०० स्पॅम आणि २०० खरे मेल दाखवल्याशिवाय तो बोलायला लागत नाही. लोक फक्त स्पॅम दाखवतात आणि खरे मेल दाखवायचे विसरतात. तुमच्या खऱ्या मेलमध्ये ‘कास्टिंग’, ‘पीओ’ (खरेदीची ऑर्डर), ‘हीट नंबर’, ‘टेस्ट सर्टिफिकेट’ असे शब्द असतात, ते त्याला कळले पाहिजेत. मराठी मेलही भरपूर दाखवा. काही शेअर्ड सर्व्हरवर ही शिकवणी बंद असते, म्हणून आधी विचारून घ्या.

शिकवणी असो वा नसो, स्पॅम फोल्डर रोज उघडायला एक ठरलेला माणूस लागतोच. आमच्याकडे सेल्समधली ताई सकाळी दहाला आणि दुपारी चारला सगळ्या सामायिक मेलबॉक्सचं स्पॅम फोल्डर बघते. पाच मिनिटांचं काम आहे. ती सुट्टीवर असेल तेव्हा मी बघतो. पहिल्या महिन्यात तिने सात खरे मेल बाहेर काढले. त्यात एक पीओ होता आणि एक रिजेक्शनची तक्रार.

स्पॅममधल्या ‘अनसबस्क्राइब’बद्दल लोक नेहमी विचारतात. ओळखीच्या कंपनीचं न्यूजलेटर असेल तर बिनधास्त दाबा. अनोळखी मेलमध्ये काहीच दाबू नका. तुमचा पत्ता जिवंत आहे एवढंच त्यांना त्यातून कळतं. आणि डीएनडीचा उपयोग इथे होत नाही. ती सोय कॉल आणि एसएमएससाठी आहे.

७. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क लावा

हे तीन डीएनएस रेकॉर्ड म्हणजे आपल्या नावाने खोटे मेल पाठवता येऊ नयेत म्हणून लावलेली कुलपं. आपले खरे मेल दुसऱ्यांच्या स्पॅममध्ये जाऊ नयेत यासाठीही तेच लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने याबाबत नियम कडक केले. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत, बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकिम यांतलं किमान एक. छोटे असलात तरी तिन्ही लावा.

सीपॅनेलमध्ये ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ हे पान उघडा. काय चुकलंय ते लिहिलेलं असतं आणि ‘रिपेअर’चं बटण असतं. तुमचा डीएनएस दुसरीकडे असेल तर या बटणाने काहीच बदलत नाही. तिथला मजकूर कॉपी करून खऱ्या डीएनएसमध्ये हाताने टाकावा लागतो. मी चार दिवस ते बटण दाबत बसलो होतो.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनने मेल कोणकोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी. सुरुवातीला केलेली यादी इथे कामाला येते. एका डोमेनला एसपीएफचं एकच रेकॉर्ड असतं. नवी सेवा आली की लोक दुसरं रेकॉर्ड जोडतात, आणि मग दोन्ही बाद होतात. नवी सेवा जुन्याच ओळीत बसवायची. आणखी एक मर्यादा: ते रेकॉर्ड तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस चौकश्या चालतात. प्रत्येक ‘इन्क्लूड’ (दुसऱ्या सेवेची यादी जोडणारा शब्द) त्यात मोजला जातो, आणि त्याच्या पोटातले इन्क्लूडही. जुन्या, बंद केलेल्या सेवा काढून टाका.

डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरची सही. इथली अडचण साधी पण छळणारी आहे. ती सही तपासायची २०४८ बिटांची किल्ली लांब असते आणि डीएनएसमध्ये एका तुकड्यात २५५ अक्षरंच बसतात. काही पॅनेल शेपूट कापतात आणि काहीच सांगत नाहीत. टाकल्यावर शेवटची दहा अक्षरं मूळ किल्लीशी जुळवून बघा.

डीमार्क सांगतो की आधीच्या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत: नन (काहीच करू नका), क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), रिजेक्ट (नाकारा). सुरुवात ननने करा आणि रिपोर्टसाठी एक वेगळा मेलबॉक्स द्या, कारण जीमेलसारख्या मोठ्या सेवा रोज एक्सएमएल फायली पाठवतात. तीन-चार आठवडे त्या वाचा. आमच्या रिपोर्टमध्ये असा एक सर्व्हर दिसला जो कोणालाच आठवेना. शेवटी कळलं की ते पगाराच्या स्लिप पाठवणारं सॉफ्टवेअर होतं. थेट रिजेक्ट लावलं असतं तर त्या महिन्यात कोणाला स्लिप गेली नसती. सगळे खरे सर्व्हर पास होतायत असं दिसलं की क्वारंटाइन, आणि मग रिजेक्ट.

वेबसाइटचा फॉर्म इथे नेहमी आडवा येतो. बरेच फॉर्म ‘पाठवणारा’ म्हणून भरणाऱ्याचाच पत्ता लावतात. मेल तर तुमच्या सर्व्हरने पाठवला, म्हणजे तो खोटा दिसतो आणि एन्क्वायरी स्पॅममध्ये जाते. पाठवणारा म्हणून तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला. वेबसाइटवाल्याचं हे दहा मिनिटांचं काम आहे. फॉर्मवर कॅप्चा नसेल तर तोही त्याच वेळी लावून घ्या.

८. सगळा मेल जीमेलला फॉरवर्ड करू नका

कंपनीचा मेल आपल्या खासगी जीमेलला फॉरवर्ड करून वाचायचा, ही पद्धत फार रूढ आहे. यात दोन नुकसानं आहेत. मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ यादीत तुमचा सर्व्हर नसतो, त्यामुळे खरा मेलही जीमेलला संशयास्पद वाटतो. आणि तुमच्याकडे आलेला स्पॅमही पुढे ढकलला जातो, म्हणजे जीमेलच्या नजरेत तुमचा सर्व्हरच स्पॅम पाठवणारा ठरतो. त्याचा फटका त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांना बसतो. फोनवरच्या मेल ॲपमध्ये कंपनीचं खातं आयमॅपने जोडा. काम तेच होतं.

९. आपल्याकडूनच स्पॅम जात असेल तर

एका शनिवारी आमचे जाणारे मेल परत यायला लागले. सर्व्हरचा आयपी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या सार्वजनिक ब्लॅकलिस्टमध्ये होता. शेअर्ड सर्व्हरवर एकाच आयपीवरून शेकडो डोमेन मेल पाठवतात, आणि एकाने केलेल्या घाणीत सगळे अडकतात. मी शेजाऱ्यांना दोष देत सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं की स्पॅम तुमच्याच खात्यातून जातोय. स्टोअरच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३ असा होता. कोणीतरी तो अंदाजाने ओळखला होता.

असं झालं तर हा क्रम ठेवा. आधी सीपॅनेलच्या ‘ट्रॅक डिलिव्हरी’मध्ये कोणत्या खात्यातून मेल जातायत ते बघा. त्या खात्याचा पासवर्ड बदला. ते खातं वापरणारं मशीन व्हायरससाठी तपासा. मेल खात्यातून न जाता वेबसाइटच्या स्क्रिप्टमधून जात असतील तर वेबसाइट हॅक झालेली आहे, आणि मग जुने प्लगइन बघा. कारण सापडून बंद झाल्यावरच ब्लॅकलिस्टमधून नाव काढायची विनंती करा. आधी केली तर नाव दोन दिवसांत पुन्हा चढतं. स्पॅमहाउस (अशा ब्लॅकलिस्ट चालवणारी संस्था) नाव काढायचे पैसे घेत नाही, त्यांच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आयपी शेअर्ड असेल तर विनंती होस्टिंगवाल्यांनाच करावी लागते. तिकिटात परत आलेल्या मेलचा पूर्ण मजकूर, वेळ आणि पाठवणारा-घेणारा पत्ता द्या. ‘मेल जात नाही’ एवढंच लिहिलं की तीन दिवस नुसते प्रश्नोत्तरांत जातात.

दिवाळीच्या शुभेच्छाही इथेच आठवा. दीड हजार गिऱ्हाइकांना बीसीसीमध्ये टाकून एका झटक्यात पाठवल्या की तासाला किती मेल पाठवता येतात ती होस्टिंगची मर्यादा संपते आणि त्या दिवशीची कोटेशनही अडकतात. त्यासाठी न्यूजलेटरची वेगळी सेवा घ्या.

१०. जो स्पॅम फिल्टर पकडणार नाही त्यासाठी

सर्वात महाग पडणारा मेल फिल्टरला स्वच्छ दिसतो. त्यात जाहिरात नसते, लिंक नसते. नेहमीच्या सप्लायरच्या नावाने, जुन्याच संभाषणाच्या धाग्यात दोन ओळी येतात: आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यात करा. पत्ता बघावा तर डोमेनमध्ये एकच अक्षर इकडचं तिकडे. कधीकधी तर सप्लायरचाच मेलबॉक्स फुटलेला असतो, मग पत्ताही खरा असतो.

आमच्या अकाउंट्समध्ये भिंतीवर कागद लावलाय: बँक खातं बदलल्याचा मेल आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. फोन लागला नाही तर पेमेंट थांबवायचं. मालकाने ‘आत्ता कर’ म्हणून मेल केला तरी थांबवायचं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

११. स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल तर

चार-पाच कंपन्या मिळून एक सर्व्हर घेतात आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या जोडीला आरस्पॅमडी हा स्पॅम फिल्टर लावतात, असं आता बरंच दिसतं. त्यांच्यासाठी थोडक्यात.

आयपीचं उलट नाव, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड, तुमच्या डीएनएसमध्ये बसत नाही. ते सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडून लावून घ्यावं लागतं, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे.

ब्लॅकलिस्ट तपासायला गूगलचा ८.८.८.८ सारखा सार्वजनिक डीएनएस वापरू नका. स्पॅमहाउस अशा चौकशीला यादीतलं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एररचा आकडा देतो. काही सर्व्हर त्यालाच ‘यादीत आहे’ समजतात आणि जगातला प्रत्येक मेल नाकारतात. अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची चौकशी करणारा प्रोग्राम) सर्व्हरवरच बसवा.

आरस्पॅमडीचे मुळातले आकडे ४ ला ग्रेलिस्ट, ६ ला शिक्का आणि १५ ला नकार असे आहेत. स्पॅमअसॅसिनचा ५ डोक्यात ठेवून ते बदलू नका, दोघांचे गुण वेगळे मोजले जातात. ग्रेलिस्टमध्ये संशयास्पद मेलला ‘थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवतात, आणि खरा सर्व्हर पुन्हा येतो. पण जीएसटीचा किंवा बँकेचा ओटीपी त्यात सापडला तर तो येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. अशा डोमेनना सूट द्या.

नाकारायचं ते मेल घेतानाच नाकारा. आधी घेऊन नंतर परत पाठवलात तर तो परतीचा मेल ज्याचा पत्ता चोरला होता त्या निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतो, आणि तुमचा आयपी यादीत जातो.

लॉग १८० दिवस ठेवा आणि सायबर घटना घडली तर ६ तासांत कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत दोन्ही गोष्टी आहेत.

१२. शेअर्ड होस्टिंगवरून मेल हलवायचा ठरला तर

आयपी महिन्या-दोन महिन्यांनी यादीत जात असेल, सपोर्ट उत्तर देत नसेल, तर मेल झोहो, गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर हलवलेला बरा. वेबसाइट जुन्या ठिकाणी राहिली तरी चालते. आम्ही शेवटी हेच केलं.

एक दिवस आधी एमएक्स रेकॉर्डचा (मेल कोणत्या सर्व्हरवर न्यायचा ते सांगणारी डीएनएस नोंद) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. नवीन मेलबॉक्स आधी बनवा, जुने मेल आयमॅपने ओढून घ्या, आणि शनिवारी संध्याकाळी एमएक्स बदला. जुने एमएक्स पूर्ण काढा. ‘असू दे बॅकअप म्हणून’ असं ठेवलं तर स्पॅमवाले त्याच जुन्या दाराने येत राहतात. एसपीएफमध्ये नवी सेवा जोडा, नवं डीकिम लावा, डीमार्क काही आठवडे पुन्हा ननवर आणा.

आणि सीपॅनेलमध्ये ‘ईमेल रूटिंग’ उघडून ते ‘लोकल’वरून ‘रिमोट’ करा. हे राहिलं तर जुना सर्व्हर समजतो की तुमचा मेल अजून त्याच्याकडेच आहे. मग वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेल्या एन्क्वायरी आणि त्याच सर्व्हरवरच्या इतर कंपन्यांनी पाठवलेले मेल जुन्या मेलबॉक्समध्येच पडत राहतात, एरर न देता. बाहेरून केलेली चाचणी पास होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. चाचणी वेबसाइटचा फॉर्म भरूनच करा, आणि जुना मेलबॉक्स पुढचा महिनाभर वेबमेलमधून रोज उघडून बघा. आम्हाला तिथे बाराव्या दिवशी एक एन्क्वायरी सापडली, सांगलीच्या एका कारखान्याची. त्या वेळी उत्तर वेळेत गेलं.